सात नंबरचा वॉकर

“यातला माणूस वाचला का?”

टेबलापलीकडून बाईंनी वॉकरकडे बोट केलं. मी वॉकरकडे पाहिलं. त्यात माणूस नव्हता.

“कोणता माणूस, काकू?”

“ह्यो.” वॉकरच्या पुढच्या आडव्या नळीला पत्र्याची पाटी बांधली होती, तिच्यावर त्यांनी बोट टेकवलं. पाटीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं : कै. दत्तात्रय भाऊ नांद्रेकर यांच्या स्मरणार्थ. कोपऱ्यात ठळक ७.

“कै. लिहिलंय म्हणजे नाही वाचले,” मी म्हणाले.

चटका बसावा तसं बाईंनी बोट मागे घेतलं. “मग दुसरा दाखव.”

दुसऱ्यावर कै. अनसूयाबाई होत्या. तिसऱ्यावर एक कै. मामलेदार होते. चौथ्यावर नवराबायको दोघंही होते.

“जोडीनं?” बाईंनी घाबरून विचारलं.

“एकदम नाही गेले,” मी धीर दिला. “मध्ये चार वर्षांचं अंतर आहे.”

“पोरी, माझ्या मालकांची मांडी मोडलीया. त्यांना चालवायचं हाय, पोचवायचं न्हाई. न मेलेल्या माणसाचा एखादा न्हाई का?”

नव्हता. न मेलेल्या माणसाचा वॉकर त्याच्या घरीच असतो, कारण तो त्याला लागत असतो. माणूस गेला की घरचे तेराव्याच्या सुमारास तो पुसून आणून द्यायचे. आमच्या केंद्राला येणाऱ्या देणग्यांची ही एक अंगभूत अडचण होती.

केंद्र म्हणजे मिरजेत, दवाखान्यांच्या रस्त्यापासून दोन वळणं आत, विमलताई आरवाड्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या. लोकांनी देणगी दिलेले वॉकर, व्हीलचेअर, खाटा, कमोडच्या खुर्च्या तिथे असायच्या. गरजूंनी न्यायच्या, बरं वाटलं की परत आणायच्या. मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते, आणि घरी बसलेली मुलगी बघवत नाही म्हणून आईनं मला तिथे नेऊन बसवलं होतं. बसणं तेच, फक्त जागा बदलली. कोणती वस्तू कुणी दिली, आत्ता ती कुणाकडे आहे आणि परत कधी येणार, याची नोंद ठेवणं हे माझं काम.

विमलताई मेट्रन होत्या. म्हणजे निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांचा आवाज अजून ड्युटीवर होता. त्यांचा एक नियम होता : ज्यानं दिलं त्याचं नाव वस्तूवर पाहिजे. मग वस्तू कोणतीही असो. एकदा एक गृहस्थ वडिलांच्या स्मरणार्थ बेडपॅन घेऊन आले आणि नाव ठळक दिसेल असं लिहा म्हणाले. बाबासो पेंटरनं बेडपॅन उलटापालटा करून पाहिला आणि विमलताईंना विचारलं, “ठळक म्हंजे आतनं का भायेरनं?” विमलताई त्या गृहस्थांकडे वळल्या. “तुमचे वडील कसे होते? शांत?” “अगदी शांत.” “मग बाहेरून,” विमलताई म्हणाल्या.

असो. काकू अजून टेबलापुढे उभ्या होत्या. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. मी रजिस्टर उघडलं.

“हा पहिलाच घ्या,” मी म्हणाले. “सात नंबर. गेल्या खेपेला पोस्टातल्या हुपरीकरांच्या आईंनी नेला होता. परवा त्या मंडईत दिसल्या. मेथीच्या जुडीवरून भांडत होत्या.”

“उभ्यानं?”

“उभ्यानं.”

“आणि ह्ये नांद्रेकर कशानं गेलं?”

“वयानं. सत्याण्णव होतं.”

काकूंनी डोळे पुसले आणि वॉकरला पहिल्यांदा हात लावला. “सत्याण्णव? मग ह्याला आयुष्य हाय की गं!”

कोळेकर काकू वॉकर घेऊन गेल्या. मी खोटं एक अक्षर बोलले नव्हते, तरीही पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

महिन्या-दीड महिन्यानं कोळेकर स्वतः चालत वॉकर परत द्यायला आले. वॉकर काकूंनी उचलला होता, आणि त्याच्या चारही रबरी बुटांना हळदकुंकू लावलेलं होतं. दोन दिवसांनी पहिला फोन आला. “सात नंबर आहे का?” मग दुसरा. एकानं ऑपरेशनच्या आधीच नाव लावलं. एका मुलानं आपल्या ठणठणीत आईसाठी विचारलं. मी म्हटलं, त्या तर हिंडत-फिरत आहेत. तो म्हणाला, “पडली तर असावा.” सात नंबरचा पायगुण चांगला आहे असं लोक म्हणायला लागले. त्याला पाय चार होते, हे खरं आहे.

इकडे बाकीचे वॉकर भिंतीला टेकून धूळ खात होते. मी फोनवर घसा कोरडा करायची. “काका, बारा नंबर पण छान आहे. उंची कमीजास्त होते.”

“छान असंल हो. पण त्यानं कुणाला चालवलंय का?”

विमलताई संतापायच्या. “अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आहेत त्या! माणूस चालतो, नळ्या चालत नाहीत! पस्तीस वर्षं मी वॉर्डात माणसं उभी केली, एकदाही नंबर बघितला नाही!” मग माझ्याकडे वळून, “शलाका, हे सगळं तुझ्या त्या मेथीच्या जुडीमुळे झालं.”

“मेथी खरी होती, ताई.”

“खरी होती म्हणून सांगायलाच पाहिजे का?”

दिवाळीनंतर मात्र हळूहळू बाकीचे वॉकरही जायला लागले. मी अकराला यायची. विमलताई सकाळी लवकर दार उघडून बसायच्या आणि माझ्यासाठी टेबलावर चिठ्ठी ठेवायच्या : बारा नंबर दिला, शिरगुप्पे वकील. चार नंबर दिला, बेडग. मी रजिस्टरला उतरवून घ्यायची. लोक सात नंबरचा हट्ट सोडायला लागले, हा माझ्या फोनवरच्या समजावण्याचा परिणाम आहे अशी माझी खात्री झाली. घरी आईलाही सांगितलं. आई म्हणाली, “बघ, तुझ्यात गुण आहेत.” तोपर्यंत तिलाही शंका होती.

जानेवारीत विमलताई पडल्या.

आमच्याच व्हीलचेअरला अडखळून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि त्यांना घरी आणून मागच्या खोलीत आमच्याच खाटेवर निजवलं. खाटेच्या उशाशी कै. शांताबाई खोतांचं नाव होतं. येणारा प्रत्येक जण ते वाचायचा आणि खोकायचा.

त्या आठवड्याभरात उठतील असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. दुसरं कुणी असतं तर काळजी वाटली असती, पण या विमलताई होत्या. मी रोज खाटेपाशी जाऊन विचारायची, “ताई, मोठ्या कपाटाची किल्ली कुठंय? तासगावची खाट परत आणायला टेम्पो कुणाचा सांगायचा?” त्या सांगायच्या. विश्वस्त यायचे, “तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीच आम्हाला सांगणाऱ्या,” असं म्हणून चहा पिऊन जायचे. आणि रोज सकाळी व्यायाम करून घ्यायला एक फिजिओवाला मुलगा यायचा, तो बिचारा घामाघूम होऊन बाहेर पडायचा.

“उठल्या?” मी विचारायची.

“नाही. उद्या म्हणाल्या. पण मी हात कुठे धरायचा ते चुकत होतो, ते शिकवलं.”

दुसऱ्या दिवशीही उद्या. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “आज मला बँडेज बांधायची नवी पद्धत शिकवली. मॅडम, मला फार शिकायला मिळतंय, पण त्या उठत नाहीयेत.”

मग डॉक्टर येऊन गेले. जाताना मला अंगणात थांबवून म्हणाले, “हाड जुळतंय, जखम सुकली. आता न उठायला कारण नाही. पण या आठवड्यात उभ्या राहिल्या नाहीत तर मग छातीत कफ, पाठीला जखमा. हे वय. आत्ता उठल्या नाहीत तर उठणारच नाहीत.”

“त्यांना सांगितलंत?”

“त्यांना काय सांगायचं? त्यांनीच आम्हाला शिकाऊ असताना हे शिकवलंय.”

मी आत गेले. विमलताई छताकडे बघत होत्या.

“काय म्हणाला?”

“म्हणाले, उठा.”

“उद्या,” त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड केलं. विमलताईंना भिंतीकडे तोंड करताना मी कधी पाहिलं नव्हतं. भिंतीच त्यांच्याकडे तोंड करून असायच्या.

त्या दुपारी मी ठरवलं की सात नंबर आणायचा. माझा विश्वास होता अशातला भाग नाही. पण एवढ्या माणसांचा होता, त्यातला थोडा उसना मिळाला तर बघावं.

रजिस्टरप्रमाणे सात नंबर मुल्लाणी चाचांकडे होता. चाचांचं मार्केटजवळ फळांचं दुकान, मागेच घर. चाची घरात वॉकर धरून फेऱ्या मारत होत्या, वॉकरला हिरवी फीत बांधली होती, आणि पाटीवर ७ होता. चाचा आधी म्हणाले, “बेटी, अजून एक हप्ता राहू दे ना.” मग मी कुणासाठी हवाय ते सांगितलं. चाचा हातातलं मोसंबं खाली ठेवून म्हणाले, “विमल सिस्टर? अरे, आधी नाही का सांगायचं! आज संध्याकाळी मी स्वतः आणून देतो.”

खूश होऊन परत निघाले, तर वाटेत शिरगुप्पे वकिलांचा बंगला. वकील अंगणात वॉकर धरून तुळशीभोवती फिरत होते. मला बघितल्यावर त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून वॉकरच्या पाटीवर टाकला. जरा जास्तच चपळाईनं टाकला, म्हणून मी फाटकातून आत गेले.

“वकीलसाहेब, बारा नंबर कसा आहे?”

“उत्तम.”

मी टॉवेल उचलला. खाली ७ होता.

“हा बारा आहे,” मी म्हणाले.

“कागदोपत्री,” वकील म्हणाले. “पावतीवर बारा, पाटीवर सात. मी त्याच दिवशी पाहिलं होतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“फायद्याची चूक वकील समोरच्याच्या लक्षात आणून देत नसतो.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “पण तू आता विचारते आहेस म्हणून विचारतो. परत न्यायचा विचार आहे का?”

मी गोंधळून खरं ते सांगून टाकलं, की विमलताईंसाठी सात नंबर शोधतेय. वकिलांनी मान खाली घातली. मी बाहेर पडले आणि तशीच बाबासो पेंटरच्या टपरीवर गेले. मिरजेत ७ इतका ठळक आणि इतका वाकडा काढणारा दुसरा माणूस नव्हता.

बाबासो एका ट्रकच्या मागच्या फळीवर कमळ काढत बसले होते.

“बाबासो, सात नंबर किती आहेत?”

त्यांनी ब्रश खाली ठेवला. “ताईस्नी इचारा.”

“त्या झोपल्यात. तुम्ही सांगा.”

“सगळं.”

“सगळं काय?”

“भायेर गेल्यालं सगळं वॉकर सातच हायती.” ते एकदम बोलायला लागले. “बेडगची एक म्हातारी हुती. सात नंबर आल्याबिगर उठनार न्हाई म्हनून पडूनच ऱ्हायली. ताई सोताहून गेल्या तिकडं, लई बोलल्या तिला. ती काय ऐकना. माघारी आल्या त्या हिथंच आल्या, हातात चार नंबर. मला म्हनल्या, बाबासो, म्हातारीला वॉकर नको, सात पायजे. तर सात दे. मी चाराचा सात केला. म्हातारी उठली की हो! मग ताई म्हनल्या, आता जो जाईल त्यो सातच कर, सकाळी शलाका यायच्या आत. तिला कळू देऊ नको, तिला खरं बोलायची सवय हाय.”

मी ट्रकच्या फळीवर टेकून बसले. नंतर आईनं विचारलं, पाठीवर कमळ कशाचं.

“पण सगळ्यांवर नुसता सातच? जुना नंबर खाली बारीक अक्षरांत तरी ठेवायचा...”

“सात काढाय सोपा,” बाबासो म्हणाले.

आता कळत होतं ते असं : सगळ्या मिरजेला सात नंबर चालवू शकत होता, फक्त एका माणसाला नाही. नळ्यांवर ७ रंगवायला सांगणारा माणूस त्या ७ वर कसा उठणार? उसना विश्वास आणायला निघाले होते, तर तो ज्यांच्या घरून वाटला जात होता त्याच आजारी होत्या.

मी परत केंद्रावर आले. मागच्या खोलीत विमलताई जाग्या होत्या.

“कुठे होतीस?”

“बाबासोंकडे.”

त्यांनी उशी सारखी केली. मग म्हणाल्या, “ओरडू नकोस त्याला. गरीब आहे.”

“ताई, माझ्या रजिस्टरचं काय?”

“रजिस्टर बरोबरच आहे तुझं. बारा तो बाराच. फक्त त्याला कळत नाही.”

मी हसले नाही. मला त्यांचा राग आला होता, आणि पडलेल्या माणसावर रागावता येत नाही याचाही राग आला होता. “ताई, उठा ना. थोडंसं. मी आहे.”

“उद्या.”

“तुम्हीच लोकांना काय सांगायच्या?”

“लोकांना सांगणं सोपं असतं,” त्या म्हणाल्या. चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. मी दुसरीकडे बघितलं.

एवढ्या गडबडीत मी एक गोष्ट विसरले होते : चाचांकडे मी वॉकर मागितला होता, आणि वकिलांनाही तो कुणासाठी हवाय ते सांगून आले होते.

दिवे लागायच्या सुमाराला चाचा आले. खांद्यावर हिरव्या फितीचा वॉकर, हातात मोसंब्यांची पिशवी. “सिस्टर, हा घ्या. अस्सल. हिला यानंच उभं केलं.” त्यांनी वॉकर खाटेशी ठेवला. ते टेकतायत तोवर दारात टकटक झाली, आणि शिरगुप्पे वकील आपला वॉकर धरून स्वतः चालत आत आले. मागून त्यांचा रिक्षावाला.

“विमलताई, मी तुमचा गुन्हेगार आहे,” वकील म्हणाले. “नजरचुकीनं सात नंबर माझ्याकडे आला होता. मी तो आज परत करतो. मी भिंत धरून जाईन.”

“सात नंबर?” चाचा म्हणाले. “सात तर हा आहे.”

“तो? माफ करा, पण माझ्या पाटीवर स्पष्ट...”

“अहो, माझ्या पाटीवर काय अस्पष्ट आहे?”

इतक्यात मागच्या दारानं कोळेकर काकू आल्या. बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली हे मला आजही माहीत नाही. त्यांनी जावेसाठी नेलेला वॉकर डोक्यावर घेतला होता, रबरी बुटांना हळदकुंकू ताजं होतं. “बाई, ह्यो घ्या! आमच्या ह्यांना ह्यानंच उठवलं, आता तुमाला उठवील.” मग त्यांनी खोलीत बघितलं. मोठ्यानं मोजलं. “सात, सात, सात?”

मी विमलताईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

“म्हणजे यातले दोन बनावट आहेत,” वकील म्हणाले.

“बनावट तुमचा असंल! आमच्यावर कै. नांद्रेकर हायती!”

“काकू, कै. नांद्रेकर माझ्या वॉकरवर आहेत,” चाचा म्हणाले. “तुमच्यावर अनसूयाबाई आहेत, वाचा नीट.”

“तर काय झालं? अनसूयाबाई वाईट हुत्या का?”

आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. आपल्या वॉकरनं काय केलं ते प्रत्येक जण सांगत होता. चाची चौकापर्यंत जाऊन आल्या होत्या. जावेनं कालच भाकरी थापली होती. वकील कोर्टात जाणार होते, आपणहून, म्हणजे अशील म्हणून नव्हे. कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. विमलताई खाटेवरून म्हणाल्या, “अहो, जरा ऐका.” पण आडवं पडलेल्या माणसाचा आवाज छताकडे जातो, तो कुणाला पोचला नाही.

त्याच वेळी समोरच्या दारातून बाबासो पेंटर आत आले. हातात वॉकर. नवा कोरा. पाटीवरचा ७ अजून ओला होता, त्याचा लाल रंग ओघळून खाली आला होता.

सगळे त्या ओघळाकडे बघायला लागले.

मी त्यांच्याजवळ जाऊन कुजबुजले, “बाबासो, हे काय? तुम्हीच रंगवता ना सगळे?”

“व्हय. पण ह्यो मनापासून रंगवलाय,” ते म्हणाले.

वकील आपला वॉकर टाकत टाकत बाबासोंपुढे येऊन उभे राहिले. कोर्टात उभे राहावेत तसे. “हा कधी रंगवलात?”

“आत्ता.”

“म्हणजे तुम्ही सात नंबर रंगवता.”

बाबासोंनी खाटेकडे बघितलं. “सायब, मी कमळ बी रंगवतो.”

“विचारलं तेवढं सांगा. आमचे तिन्ही सात कुणी रंगवले?”

कोळेकर काकूंनी आपला वॉकर छातीशी धरला. चाचा मोसंब्यांच्या पिशवीकडे बघत होते. जावेनं भाकरी थापली होती, चाची चौकापर्यंत गेल्या होत्या, आणि आता बाबासो तोंड उघडणार होते. त्यांच्या कपाळावर ब्रशचा लाल ठिपका होता आणि त्याच्या शेजारून घाम.

“शलाका,” विमलताई म्हणाल्या. “मला उठव.”

मी धावत जाऊन खाटेचा दांडा फिरवायला लागले.

“खाट नको. मला.”

मी दांडा सोडला. त्यांनी पाय खाली सोडले. त्याला बराच वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात त्यांच्या चेहऱ्याचा रंग गेला. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. नखं रुतली. मला वाटलं आता ओरडतील. त्या ओरडल्या, पण माझ्यावर नाही.

“हा वॉर्ड आहे की बाजार? खाली बसा सगळे!”

विमलताई उभ्या होत्या.

सगळे खाली बसले. चाचा खिडकीत, काकू जमिनीवर, बाबासो होते तिथेच उकिडवे. वकिलांना जवळ होती ती कमोडची खुर्ची मिळाली. तिच्यावर कै. आप्पासाहेब देसाई होते.

“नीट ऐका,” विमलताई म्हणाल्या. एकेका शब्दाला श्वास घेत होत्या, पण आवाज तोच होता. “हे चारही सात आहेत. चारही चालतात. तुम्ही सगळे चाललात, मी डोळ्यांनी बघितलंय. आता ज्याला वाटतं की आपला खोटा आहे, त्यानं तो इथे ठेवावा आणि घरी जावं. बाकीच्यांनी आपापला उचलावा.”

काकूंनी आपली पाटी पदरानं पुसली.

मग त्या उठल्या. वॉकर डोक्यावर घेतला. “आमचा खराच हाय, बाई,” म्हणून मागच्या दारानं गेल्या. चाचा मोसंबी ठेवून, हिरव्या फितीचा वॉकर खांद्यावर घेऊन, “खुदा हाफिज सिस्टर, हिचा एक हप्ता राहिलाय” म्हणत निघाले. वकील कमोडच्या खुर्चीवरून उठताना बारा नंबर धरून म्हणाले, “मी माझा उलटतपासणीचा हक्क राखून ठेवतो.” पण राखून ठेवून गेले. आणि बाबासोही आपला ओला वॉकर उचलून त्यांच्या मागोमाग सटकले. भीतीनं असेल, किंवा त्यांनाही तो खरा वाटायला लागला असेल.

खोलीत विमलताई, मी आणि मोसंबी उरलो. एकही वॉकर उरला नव्हता.

“गेले?” त्यांनी विचारलं.

“सगळे घेऊन गेले.”

“बरं झालं.” मग हळू आवाजात, “आता मला बसव. नको. थांब. संडासापर्यंत जाऊ या.”

“ताई, वॉकर पुढच्या खोलीतून...”

“चल म्हणते ना.”

आम्ही निघालो. एक पाऊल, मग थांबणं. त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर होता. फिजिओवाल्या मुलानं दुसऱ्या दिवशी हे ऐकलं तेव्हा तो म्हणाला की ही पद्धत अत्यंत चुकीची आहे, आणि मग त्यानं ती लिहून घेतली.

“भीती वाटत होती?” मी विचारलं. कुणी विचारलंच नव्हतं.

“मग काय!” त्या म्हणाल्या. “दहा दिवस पडले होते. कुणी येऊन किल्ली विचारतंय, कुणी टेम्पो विचारतंय. डॉक्टर येतो आणि मान हलवून जातो. बाई, तू चालणार, असं एक माणूस म्हणालं का मला?”

“आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.”

“मला कसं माहीत असणार? मी पेशंट होते.”

आम्ही आणखी दोन पावलं टाकली. मी रोज खाटेपाशी उभी राहून काय काय विचारलं होतं ते मला एकेक करून आठवत होतं, आणि त्यात एकही प्रश्न त्यांच्याबद्दल नव्हता.

“चालणार तुम्ही, ताई,” मी म्हणाले.

“आता म्हणतेस? चालतेच आहे मी. पाय मध्ये घालू नकोस.”

संडासाच्या दाराशी त्यांनी माझा खांदा सोडला आणि भिंतीतला दांडा धरला. “इथून माझी मी. दार नुसतं ओढून घे. आणि जाऊ नकोस.”

मी दार ओढलं आणि बाहेर उभी राहिले. आत बराच वेळ काही हालचाल नव्हती. मग एक पाऊल वाजलं. मग थांबलं.

“शलाका.”

“आहे, ताई.”

“ते मघाचं परत म्हण.”

“कोणतं?”

“नाटकं करू नकोस. म्हण.”

मी म्हणाले. आत दुसरं पाऊल वाजलं.

“मोठ्यांदा,” आतून आवाज आला.